महोगनीचा नाद

गेल्या वर्षी ऐन श्रावणात आमच्या दिवंगत मित्राच्या पत्नी एक लहानशी काळी पेटी घेऊन आमच्याकडे आल्या. पेटीत एक सोप्रानो युकुलेले होते. गडद तपकिरी महोगनीचे, दोन फुटांहूनही आखूड, आणि हातात घेतल्यावर रिकामे खोके उचलावे इतके हलके. आमचे मित्र नोकरीनिमित्त पेनसिल्व्हेनियात राहिले, तेव्हा तिथल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना ते सापडले होते. निवृत्तीनंतर उभयता पुण्यास परतले. पुढे मित्र गेले. आणि आता वहिनी मुलाकडे बंगळूरला कायमच्या निघाल्या होत्या. "भावजी, हे तुमच्याकडेच राहावं असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "पण फुकट देणार नाही. ह्यांना ते आवडलं नसतं. काय मोल होईल ते तुम्हीच सांगा, आणि तेवढं द्या."

विनंती साधी होती, पण तिने आम्हाला अडचणीत टाकले. वाद्य आम्हाला हवे होते, हे कबूल करावयास हवे. ज्याला वस्तू हवी आहे त्यानेच तिचे मोल ठरवायचे, तेही मित्राच्या पश्चात, त्याच्या पत्नीच्या विश्वासावर! कमी सांगावे तर ती फसवणूक. भरमसाट सांगावे तर ती मित्राची आरती. आपल्याकडे मित्राच्या पुस्तकावर परीक्षण लिहिण्याची जी जुनी रीत आहे, तिचे दोन्ही प्रकार आम्ही आयुष्यात करून चुकलो आहोत. या खेपेस तसे होऊ नये असे मनापासून वाटत होते.

या वाद्याशी आमचे नाते उशिराचे, आणि थोडे नाइलाजाचेही. तीस वर्षे आम्ही घरापुरती सतार वाजवली. पुढे डाव्या तर्जनीच्या सांध्यात वात शिरला. पोलादी तार पडद्यावर आडवी ओढून मींड घेणे अशक्य झाले, आणि सतार गवसणीत गेली ती गेलीच. तेव्हा एका माजी विद्यार्थ्याने नायलॉनच्या चार तारांचे हे वाद्य सुचवले. सोप्रानोच्या तारा पांढरी एकच्या पट्टीत मिळवल्या की वरून खाली प, सा, ग, ध अशा लागतात. यातला प मंद्रातला नसतो, सा-च्या वरचाच असतो. म्हणजे चारही सूर एकाच सप्तकात, सा ते ध या अंतरात दाटीने बसलेले. खर्ज नाही, तरफा नाहीत, जवारी नाही. सतारीचा स्वर छेडल्यावर बराच वेळ सोबत करतो. सोप्रानोचा स्वर उमटता उमटता मिटतो. आरंभी आम्हाला हे उणेपण वाटले. पुढे ध्यानात आले की स्वर लवकर मिटतो म्हणूनच उजव्या हाताची लय मोकळी राहते, पुढचा आघात मागच्या स्वराच्या चिखलात रुतत नाही. हे वाद्य आलापाचे नव्हेच. त्याचे गुण त्याच्या जातीतच शोधले पाहिजेत.

ही गोष्ट त्याच्या इतिहासातही दिसते. युकुलेले हवाईचे म्हणून ओळखले जाते, पण त्याचे मूळ पोर्तुगीज आहे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी रेव्हन्सक्रॅग नावाचे जहाज मदेइरा बेटावरची माणसे उसाच्या मळ्यांतील कामासाठी घेऊन होनोलुलूला लागले. त्यांत मान्युएल नुनेस, ऑगस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन लाकूडकाम जाणणारे कारागीर होते. मदेइरातील माशेत या चार तारांच्या वाद्यावरून त्यांनी तिथल्या कोआ लाकडात हे नवे वाद्य घडवले, आणि राजा कालाकाउआने त्याला आश्रय दिला. १९१५ साली सान फ्रान्सिस्कोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर त्याचे वेड अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पसरले. महोगनी त्यात ठळकपणे आली ती इथे. पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ गावच्या मार्टिन या गिटारींच्या कारखान्याने १९०७ मध्येच एक प्रयत्न करून पाहिला होता. गिटारीच्या सवयीने त्यांनी तबली स्प्रूसची केली आणि आतून पट्ट्यांचा भरपूर आधार दिला. ती वाद्ये कोणाला रुचली नाहीत. १९१५-१६च्या सुमारास त्यांनी सगळेच वाद्य महोगनीचे, पातळ आणि हलके केले, आणि ते चालले. १९२२ मध्ये 'स्टाइल झीरो' हा त्यांतला सर्वांत साधा, नक्षीविरहित नमुना आला. १९२६ या एका वर्षात त्या कारखान्याने १४,०००हून अधिक युकुलेले केली. गिटारीत श्रेष्ठ ठरलेली रीत येथे अपयशी ठरली, हे साहित्याच्या शिक्षकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. महाकाव्याची मापे भावगीताला लावून आपणही काही कमी कविता नापास केलेल्या नाहीत.

मित्राचे वाद्य या स्टाइल झीरोपैकीच. त्यावर क्रमांक नाही, त्यामुळे वय खुणांवरून ताडावे लागते. लाकडी खुंट्या, सपाट धातुपट्टीचे पडदे आणि माथ्याच्या मागे कारखान्याचा ठसा यांवरून ते १९२०च्या दशकातले असावे असे आम्ही ठरवले. पाठीला एक केसाएवढी बारीक चीर होती. हिवाळ्यात तापवलेल्या घरांतील कोरडी हवा पातळ लाकडाला मानवत नाही.

लाकडाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. महोगनी मूळची कॅरिबियन बेटांची आणि मध्य व दक्षिण अमेरिकेची; पण मुंबईच्या रस्त्यांवर ती सावलीसाठी लावलेली आहे, आणि तिचे लाकडी फळ तडकून पंखांच्या बिया भिरभिरत खाली येताना अनेकांनी पाहिल्या असतील. ती आपल्या कडुनिंबाच्या कुळातली. त्याच कुळात तूनही येतो, ज्याच्या लाकडाच्या सतारी होतात. मिरजेच्या सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आमची गवसणीतली मिरजेची सतार आम्हाला आठवली होती. ती आणि हे परदेशी पोर एकाच कुळातली भावंडे निघाली, याचा आनंद जरा बालिश असला तरी खरा होता. मात्र 'महोगनी' या शब्दावर फार विसंबू नये. मोठ्या पानांच्या अमेरिकी महोगनीचा आंतरराष्ट्रीय व्यापार नोव्हेंबर २००३पासून परवान्याच्या नियंत्रणाखाली आला, आणि आज आफ्रिकेतील खाया किंवा सापेली ही लाकडेही याच नावाच्या आसपास विकली जातात. नाव एक, झाडे अनेक.

आता तुलना. आमच्या हाताशी तीन महोगनी सोप्रानो होती. एक आमचे रोजचे: पातळ थर चिकटवून केलेल्या लाकडाचे, म्हणजे सरळ सांगायचे तर प्लायचे. दुसरे त्या माजी विद्यार्थ्याचे: चीनमध्ये घडवलेले, अलीकडचे, अखंड महोगनीचे, जुन्या मार्टिनच्या धर्तीचे. तिसरे मित्राचे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आमचे ४२० ग्रॅम भरले, विद्यार्थ्याचे ३७०, मित्राचे ३४०. पहिल्या संध्याकाळी तिन्ही वाजवून आम्ही वहीत लिहिले: "प्लाय – दबका, बोथट. नवे – स्वच्छ पण कोरे. मित्राचे – उबदार, परिपक्व, शंभर वर्षे मुरलेले." लिहून समाधानाने झोपलो.

सकाळी वही वाचली आणि खजील झालो. ही भाषा आम्ही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत तीस वर्षे तांबड्या शाईने अधोरेखित केली आहे. 'परिपक्व' हे आम्ही ऐकले होते की आम्हाला ठाऊक होते? आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे वगळून कविता ठेवल्या आणि त्यांचे अभिप्राय गोळा केले. १९२९च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये त्या अभिप्रायांतून जे उघडे पडले ते आपण सगळेच वर्गात रंगवून सांगतो. स्वतःवर तो प्रयोग करण्याची वेळ मात्र आमच्यावर आली नव्हती.

विद्यार्थ्याला बोलावले. तिन्ही वाद्यांना एकाच प्रकारच्या नव्या तारा चढवल्या, कारण पहिल्या संध्याकाळी मित्राच्या वाद्यावर कोण जाणे किती वर्षांच्या जुन्या तारा होत्या; तो 'उबदार'पणा निम्मा त्या थकलेल्या तारांचाच होता हे चढवताक्षणीच कळले. तो पडद्याआड बसला आणि चिठ्ठ्या टाकून येईल त्या क्रमाने प्रत्येक वाद्यावर तेच आठ मात्रांचे तुकडे चार चार वेळा वाजवत गेला. ऐकणारे चौघे: आम्ही, आमची पत्नी, इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले एक सहकारी, आणि शेजारची महाविद्यालयात जाणारी मुलगी. निकाल असा. प्लायचे वाद्य चौघांनीही बहुतेक वेळा ओळखले. त्याचा आवाज लहान होता आणि आघातानंतर स्वर लगेच आत ओढला जाई. अखंड लाकडाच्या दोहोंत मात्र सगळेच चाचपडत होते. आठांपैकी आमची उत्तरे बरोबर आली तीन. बाकी पाच वेळा विद्यार्थ्याच्या चिनी वाद्याला आम्ही मित्राचे मानले, किंवा मित्राच्या वाद्याला चिनी. एकदा तर त्या नव्या वाद्यापुढे 'निःसंशय' असे लिहिले होते.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, चार जणांच्या बैठकीवरून काय सिद्ध होते? काहीच नाही. पण मोठे प्रयोगही याच दिशेला बोट दाखवतात. २०१८ साली इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी केवळ पाठीचे आणि बाजूंचे लाकूड निराळे असलेल्या सहा गिटारी डोळे झाकून ५२ वादकांच्या हाती दिल्या. महाग आणि स्वस्त लाकडांच्या ध्वनीला मिळालेल्या गुणांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. अर्थात तिथे तबली सगळ्यांची सारखीच होती, हे विसरून चालणार नाही. तबलीचे लाकूड, तिची जाडी आणि आतल्या पट्ट्या यांनी बराच फरक पडतो, आणि आमच्या प्लायने तेच दाखवले. म्हणून आमचा निष्कर्ष मर्यादित आहे: अखंड आणि थरांचे यांत अंतर ऐकू येते, चांगले घडलेले नवे आणि चांगले घडलेले जुने यांतले अंतर बहुतांशी वाचलेले असते.

मग जुन्यात काहीच उरत नाही का? दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याच्या सूचनेवरून आम्ही तिन्ही वाद्ये पांढरी दोनला चढवली. १९२०च्या दशकात ही वाद्ये अनेकदा याच पट्टीत वाजत. मित्राच्या वाद्याची तबली तेव्हा खरोखर जागी झाली. बोट टेकवताच स्वर तयार असे, छातीला टेकलेली पाठ थरथरे. नव्या वाद्यातही फरक पडला, पण तेवढा नाही. हे पडद्याआडून ऐकणाऱ्याला कळेल असे आम्ही आता छातीठोकपणे म्हणणार नाही. वाजवणाऱ्याच्या हाताला ते कळते, एवढेच. पण वाद्याचा एक वाचक वाजवणाराही असतोच. त्याचा अनुभव खोटा ठरवण्याचे कारण नाही, फक्त तो श्रोत्याच्या नावावर खपवू नये.

शेवटी आम्ही एका कागदाचे दोन भाग केले. डावीकडे नादाचे मोल: विद्यार्थ्याच्या नव्या वाद्याला जे पडले तेवढे, एक रुपयाही जास्त नाही. उजवीकडे बाजाराची किंमत. त्याच कारखान्याची कोआची, शिंपल्याच्या जडावाची युकुलेले काही हजार डॉलरांना जातात. साधी स्टाइल झीरो काही शे डॉलरांत मिळते, कारण तशी पुष्कळ बनली आणि पुष्कळ टिकली. त्यातून चिरेच्या दुरुस्तीचा खर्च वजा केला. उजवीकडचा आकडा डावीकडच्यापेक्षा बराच मोठा आला. वयाला, नावाला, टिकून राहण्याला बाजार पैसे मोजतो. ते कानाने ठरत नाही म्हणून खोटे ठरत नाही. आम्ही उजवीकडचा आकडा द्यायचे ठरवले. मित्राचे म्हणून जे होते ते कुठल्याच बाजूला लिहिता आले नाही.

वहिनींना कागद दाखवला, आणि प्रयोगाची हकिगतही सांगितली, 'निःसंशय'सकट. त्या खूप दिवसांनी मोकळ्या हसल्या. "हे ऐकून ह्यांनी तुम्हाला जन्मभर सोडलं नसतं," म्हणाल्या. मग थोडे थांबून म्हणाल्या, "पण मला तर स्वयंपाकघरात असले तरी कळायचं हो, हेच वाजतंय म्हणून. घरात अजून दोन होती." त्यांना वाद्य कळत होते की वाजवणारा, हे विचारण्याचे आमच्या जिभेवर आले होते. आम्ही विचारले नाही. त्यांनी धनादेश पर्समध्ये ठेवला, आणि पेटीचे झाकण स्वतःच्या हाताने लावून पेटी आमच्याकडे सरकवली.

आता ते आमच्या खोलीत असते. पावसाळ्यात लाकडी खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सैल होऊन घसरतात. सतारीच्या खुंट्यांना खडू लावण्याची जुनी सवय पुन्हा कामी आली आहे. प्रवासाला प्लायचेच नेतो, त्याला हवामानाचे भय नाही. संध्याकाळी मित्राचे काढतो, पांढरी दोनला मिळवतो, आणि पहिला तुकडा वाजला की ते उबदार वाटते. वहीत मात्र तसे लिहीत नाही.