वाकळ

आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी वाईहून माझ्या बॅगेतून आली, तेव्हा वजन तेवीस किलोंच्या वर गेलं म्हणून भाजणीची पिशवी मागे ठेवावी लागली होती. अमेरिकेत, अल्फारेटाच्या घरात ती कुणी कधी पांघरली मात्र नाही. दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगली. पाहुणे आले की मी हिरवा काठ दाखवायची, आईचं लग्नातलं लुगडं म्हणून.

त्याच भिंतीखाली बसून ॲलिस वॉकरची ‘एव्हरीडे यूज’ वाचली. १९७३ची कथा. बाई मूळच्या इथल्याच, जॉर्जियातल्या. ईटनटन हे त्यांचं गाव आमच्यापासून दोनेक तासांवर. शिकलेली, नाव बदलून आलेली डी माहेरी येते आणि आजीच्या गोधड्या मागते, भिंतीवर लावायला. त्या तर धाकट्या मॅगीला लग्नात द्यायच्या ठरलेल्या. मॅगी त्या रोज वापरून चिंध्या करील, असं डीचं म्हणणं. शेवटी आई तिच्या हातातून गोधड्या हिसकावून घेते.

मला डीचा मनस्वी राग आला. चांगले पंधरा दिवस तिला नावं ठेवत होते, डोक्यावर गोधडी लटकत असताना! कथा आई सांगते ना. तिच्या झाडलेल्या अंगणात बसूनच आपण डीला मोटारीतून उतरताना बघतो. डीनं सांगितली असती तर जुनं जपणारी ती एकटीच ठरली असती, आणि मॅगीच्या अंगावरचे भाजल्याचे वण एका वाक्यात आटोपले असते.

पुढे एका दिवाळी अंकासाठी मी गोधडीवर गोष्ट लिहिली. अर्थात ‘मी’मध्येच. दूरदेशीची लेक, आईची ऊब, सगळं जमून आलं होतं. वहिनीला फोनवर वाचून दाखवली. ती कोल्हापूरकडची, तिच्या लेखी ती वाकळ. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “चांगली आहे. पण वन्सं, धावदोरा माझा आहे. आत्याबाईंना शेवटी सुई कुठं दिसत होती?”

माझ्या गोष्टीत वहिनी एकदाच येते, चहा घेऊन.

तृतीयपुरुषी लिहून बघितली. कुणाचंच कुणाशी वाकडं नाही अशी बेचव झाली, फाडून टाकली. आता वहिनीच्या तोंडून लिहायला घेतलीय, पण दुसऱ्याच पानावर अडलेय. आईला भरवून झाल्यावर ती स्वतः किती वाजता जेवायची, मला ठाऊक नाही.