सामान खिडकीतून, माणसं शिडीवरून!

भाड्याचं घर बघायला गेलं, की आपण आधी नळ सोडून पाहतो, पंखा लावून पाहतो, भिंतीला ओल आहे का ते हात फिरवून बघतो. ॲमस्टरडॅममध्ये मात्र सगळ्यात आधी खाली बघायचं. घराला जमीन आहे का?

थट्टा नव्हे! नेदरलँड्समध्ये भाड्याची घरं तीन तऱ्हेची. एक फर्निचरसकट, दुसरं फक्त जमीन आणि पडदे असलेलं, आणि तिसरं ‘काल’. डच भाषेत काल म्हणजे बोडकं. या घरात पडदे नसतात, छताला दिवा नसतो, नुसत्या वायरी लोंबतात आणि पायाखाली कोरडं सिमेंट नाहीतर खरबरीत फळ्या. आधीचा भाडेकरू जाताना जमीन उचलून नेतो! लाकडी पट्ट्यांची ती जमीन त्यानं स्वतःच्या पैशानं बसवलेली असते, मग घरमालकासाठी कशाला सोडायची? नव्या बिऱ्हाडाला ती हवी असेल, तर त्यानं जुन्याला पैसे मोजायचे. या व्यवहाराला ‘ओव्हरनामे’ असं रीतसर नाव आहे. तुळशीबागेत घासाघीस करून तयार झालेल्या गृहिणीला इथं अजिबात परकं वाटू नये.

पण जमिनीचं पुढचं पुढे. आधी घरापर्यंत चढायला तर हवं!

पत्त्यात घरनंबरापुढे रोमन तीन लिहिलेला दिसला, की समजायचं ‘तीन होख’, म्हणजे तळमजला सोडून वर तीन मजले. लिफ्ट नाही. जिना म्हणावा, तर कोकणातल्या माळ्यावर चढायच्या शिडीचा सख्खा भाऊ. पायरी इतकी अरुंद, की पाऊल आडवंच टाकायचं. उतरताना बरेच जण उलटं तोंड करून उतरतात. जुन्या घरांत जिन्याच्या कडेनं एक दोरीही दिसते. खाली बेल वाजली, की वरच्या मजल्यावरून ती ओढायची आणि रस्त्यावरचं दार उघडायचं. तीन मजले खाली-वर करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

घरं अशी चिंचोळी का? सतराव्या शतकात कालव्याकाठची जागा सोन्याच्या भावाची होती. जो तो दर्शनी भाग अरुंद ठेवी आणि घर मागे लांबवर नेई. अशाच एका घराच्या मागच्या भागात, प्रिन्सेनग्राख्त 263 इथं, ॲन फ्रँकचं कुटुंब 1942 ते 1944 लपून राहिलं होतं. रस्त्यावरून मागे एवढं घर असेल याची कल्पनाच येत नाही. आउडे होखस्ट्राट 22 हे घर तर रुंदीला जेमतेम 2 मीटर. दोन हात पसरले, की जवळजवळ भिंतीला भिंत!

मग कपाट, सोफा, फ्रीज वर जातो कसा? खिडकीतून! प्रत्येक जुन्या घराच्या माथ्यावर एक तुळई बाहेर आलेली असते आणि तिला लोखंडी हुक. त्यात कप्पी अडकवायची, दोर सोडायचा आणि खालून चार मित्रांनी ओढायचं. सामान भिंतीवर आपटू नये म्हणून बरीच घरं मुद्दाम रस्त्याकडे किंचित झुकवून बांधलेली. नव्या माणसाला वाटतं, इमारत पडतेय की काय! हल्ली गाडीवर बसवलेली शिडीसारखी लिफ्टही भाड्यानं मिळते. पण दोर-कप्पीचा जमाना संपलेला नाही.

हा हुक फ्रीजसाठी लावला नव्हता, हे सांगायलाच हवं. 1602 मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मिरी, दालचिनी, जायफळ या शहरात येई. व्यापाऱ्यांच्या घरांचे वरचे मजले म्हणजे कोठारं. पोती याच हुकावरून वर चढत. त्याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती आणि तिचे पडके अवशेष अजून आहेत. आज त्याच हुकावरून एखाद्या मराठी बिऱ्हाडाचं वॉशिंग मशीन वर जातं, आणि त्याच्या पोटात जागा वाचवायला कोंबलेला गोडा मसाला!

या घरांचा पाया आणखी नवलाचा. शहर उभं आहे दलदलीवर, म्हणून जुनी घरं लाकडी खांबांवर रोवलेली. डॅम चौकातल्या राजवाड्याखाली असे 13,659 खांब आहेत. लाकूड पाण्याखाली बुडालेलं असलं, की शतकानुशतकं कुजत नाही. पण जमिनीतल्या पाण्याची पातळी उतरली आणि खांबाच्या डोक्याला हवा लागली, की कूज सुरू. मग घर एका बाजूला बसतं, दार घासतं, टेबलावर ठेवलेलं लिंबू आपोआप घरंगळत जातं. भाडेकरू पलंगाच्या दोन पायांखाली लाकडाचे ठोकळे सारतो आणि झोपतो. पाया दुरुस्त करायचा खर्च घरमालकाच्या डोक्याला!

स्वयंपाकघराचं तंत्र मात्र स्वतःच जुळवावं लागतं. 1 जुलै 2022 पासून इथं घराच्या प्रत्येक मजल्यावर धूर ओळखणारी घंटी सक्तीची आहे. मिरची-लसणाची फोडणी आणि ही घंटी यांचं पहिल्याच दिवशी वाजतं. इंडक्शनची शेगडी असेल, तर घरून आणलेली ॲल्युमिनियमची कढई तिच्यावर तापतच नाही. बिडाचा तवा मात्र मस्त चालतो. जमीन फळ्यांची, त्यामुळे रात्री मिक्सर लावला की खालच्या शेजाऱ्याचं छत घुमतं. आणि संडासात कॅलेंडर टांगलेलं दिसलं, तर दचकू नये. ते नातेवाइकांच्या वाढदिवसांचं. रोज नजरेखालून जावं, म्हणून डच माणूस ते तिथंच लावतो. व्यवहारी माणसं!

गंमत इथपर्यंत. घर घेताना खरी मेख असते ती नोंदणीत. चार महिन्यांहून जास्त राहायला आलेल्यानं पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. या नोंदणीतूनच नागरिक क्रमांक मिळतो, आणि पगार, बँक, आरोग्य विमा सगळं त्याच क्रमांकावर अडतं. काही घरमालक ‘घर देतो, पण नोंदणी करायची नाही’ म्हणतात. घरांची टंचाई एवढी, की नवखा माणूस हो म्हणून बसतो. तसं मुळीच करू नये. घर न बघता पैसेही पाठवू नयेत. परदेशी नवखे हेरूनच फसवणाऱ्यांचे धंदे चालतात. 1 जुलै 2023 पासूनच्या करारांत अनामत रक्कम मूळ भाड्याच्या दोन महिन्यांहून जास्त मागता येत नाही. शिवाय घराचं क्षेत्रफळ, स्वयंपाकघर, ऊर्जेची बचत यांना गुण देऊन भाडं ठरवायची सरकारी पद्धत आहे. 2024 च्या जुलैपासून ती मध्यम भाड्याच्या घरांनाही लागू झाली. गुण कमी भरले, तर भाडेकरू भाडे समितीकडे दाद मागू शकतो. आपल्याकडच्या भाडेकरूंनी हेवा करावा अशी ही सोय.

कायद्याला न सुटणारा प्रश्न उरतो तो जिन्याचा. भारतातून आईवडील तीन महिन्यांसाठी येतात, गुडघे धरत एकदा वर चढतात आणि मग खाली उतरायचं नावच काढत नाहीत. त्यांचं ॲमस्टरडॅम म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची ती भलीमोठी खिडकी, कालव्यातल्या होड्या आणि समोरच्या घरातली, पडदेच न लावणारी माणसं. वर कुणी आजारी पडलं आणि स्ट्रेचर जिन्यात मावेना, तर अग्निशमन दलाची गाडी येते आणि रुग्णाला खिडकीतूनच खाली उतरवते. म्हणून लेकरू झालं किंवा आईवडिलांचं येणं-जाणं वाढलं, की पुष्कळ भारतीय कुटुंबं शेजारच्या ॲम्स्टेलफेनला बिऱ्हाड हलवतात. तिथं नव्या इमारती, लिफ्ट, आणि दुकानात तूरडाळही मिळते. कालवा सुटतो, पण आजी रोज संध्याकाळी नातवाला घेऊन खाली बागेत जाते.