अंजनाचे सोटमूळ

अंजन, शास्त्रीय नावाने हार्डविकिया बायनाटा, हा शिंबी कुळातला म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळातला वृक्ष यावलच्या रानात आणि सातपुड्याच्या मुरमाड पायथ्याला आपोआप वाढतो. परंतु तो बियांपासून वाढवू पाहणाऱ्याची अडचण बी रुजण्याची नसून रुजल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांची असते. चपट्या शेंगेच्या टोकाला असलेले एकुलते बी एप्रिल-मेमध्ये ताजे गोळा केले तर सहज उगवते. बहर मात्र दरवर्षी सारखा येत नाही.

प्रश्न सोटमुळाचा, म्हणजे सरळ खाली उतरणाऱ्या मुख्य मुळाचा आहे. पहिल्या पावसाळ्यात रोप जमिनीवर जेमतेम वीतभर दिसते, कारण त्याचे सारे बळ खडकाच्या भेगा शोधणाऱ्या मुळात गेलेले असते. प्लास्टिकच्या पिशवीत हे मूळ तळाला टेकताच वळते आणि असे रोप माळावर लावले की पावसाळाभर हिरवे राहून मार्चनंतर वाळते. पिशवी लांब घेतली, मूळ वेळोवेळी छाटले, तरी तळ कधीतरी येतोच. म्हणून टोकणी, म्हणजे बी थेट जागेवर लावणे, हाच मार्ग उरतो.

हे ठाऊक असूनही रोपवाटिकेतल्या माणसाची प्रतिष्ठा पाहुण्याला दाखवता येणाऱ्या उंच, एकसारख्या रोपांच्या रांगांत अडकलेली असते आणि प्रस्तुत लेखकाचा त्या रांगांचा मोह अजून सुटलेला नाही. पिशव्या भरायला बसणे गुडघ्यांना जमेनासे झाले, तेव्हा कुठे काठीने टोकणे सुरू झाले. गिरिपुष्पासारखे परदेशी झाड खुंटावरून भराभर हिरवे होते, म्हणून टेकड्या त्याने भरतात. लागवडीचे यश पहिल्याच वर्षी उंचीवर आणि संख्येवर मोजले जाते तोवर अंजनाला न्याय मिळणार नाही, आणि चारा संपलेल्या उन्हाळ्यात ज्याचा पाला शेळ्यांना जगवतो त्या झाडाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते.

टोकणीतही गवताचा पेच सुटत नाही. पवन्या आणि कुसळी हे कुरणातले गवत तसेच ठेवले तर कोवळे रोप सावलीत आणि मुळांच्या स्पर्धेत मरते, सगळे काढले तर उघडा मुरूम तापतो आणि माती वाहून जाते. हातभर वर्तुळातले गवत उपटून तिथेच अंथरावे, भोवती बोरीच्या काटेरी फांद्या रोवाव्यात, हा सध्याचा तोडगा आहे; हे वर्तुळ दुसऱ्या वर्षी वाढवावे की तसेच ठेवावे, याचा निर्णय प्रत्येक उतारावर वेगळा करावा लागतो.