मुकी गाडी

गोंगाटाविरुद्ध मीं आयुष्यांत पुष्कळ तक्रार केली आहे. साक्रीसारख्या गांवीं, सुरत-नागपूर महामार्गाच्या शेजारीं, तीस वर्षें अध्यापन केलेल्या माणसानें ती करावी हें स्वाभाविकच आहे. वर्गांत मी वर्डस्वर्थ समजावून सांगत असावें आणि नेमका त्याच वेळीं एखाद्या ट्रकनें भोंगा फुंकावा, हा माझा नित्याचा अनुभव. म्हणून गेल्या पाडव्याला विजेवर चालणारी स्कूटर घरीं आली, तेव्हां मला विलक्षण आनंद झाला. ना धूर, ना फटफट! आमच्याच तालुक्यांत शिवाजीनगर येथें २०१३ पासून १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प आहे. तेव्हां माझा पुतण्या सूर्यनारायणाच्या रथांतूनच शाळेंत जातो, असें मी ऐटींत सांगूं लागलों.

दुकानदार म्हणाला होता, "सर, हिला लायसन नको, पासिंग नको. पोरानें चालवली तरी कोणी विचारायचें नाहीं." पुतण्याचें वय पंधरा. पंधरवड्यांतच, गाडी बैलगाडीच्या चालीनें चालते, अशी त्याची कुरकुर सुरू झाली. एका कारागिरानें आमच्या अंगणांत बसून तारेची एक जोडणी बदलली आणि गाडी ताशीं चाळीस किलोमीटर पळूं लागली. मी शेजारीं उभा होतों. विज्ञानाची किमया म्हणून हंसलोंहि होतों. तें हंसणें मला अजून बोंचतें.

एके संध्याकाळीं शेजारच्या आजी बाजारांतून परतत होत्या. फटफटी आली असती, तर त्या नेहमीप्रमाणें भिंतीला टेकून उभ्या राहिल्या असत्या. कांहींच ऐकूं आलें नाहीं, म्हणून त्या गल्ली ओलांडूं लागल्या. पुतण्याच्या गाडीचा धक्का लागून त्या पडल्या. मनगटाचें हाड मोडलें. दवाखान्यांत मी मान खालीं घालून बसलों असतां त्याच मला म्हणाल्या, "भाऊ, हाई गाडी शे का भूत?" त्या अहिराणी प्रश्नांत रागाचा लवलेशहि नव्हता. राग असता तर मला बरें वाटलें असतें.

त्या रात्रीं मीं कायदा काढून वाचला. दुकानदारानें अर्धें सत्य सांगितलें होतें. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें ही सवलत आहे खरी. पण मोटारीची शक्ति २५० वॉटहून कमी, वेग ताशीं २५ किलोमीटरहून कमी, आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत, या तीनहि अटी पाळणाऱ्या गाडीलाच. एक मोडली कीं नोंदणी, विमा, परवाना, हेल्मेट हें सारें आलेंच. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनें अल्पवयी मुलाच्या अपराधाबद्दल पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे. मालक मीच होतों.

पण कायद्यापेक्षां त्रैराशिकानेंच मला अधिक अस्वस्थ केलें. पंचविसाच्या वेगानें गाडी एका सेकंदांत सात मीटर जाते; चाळिसाच्या वेगानें अकरा. मधले चार मीटर म्हणजे आमच्या गल्लीची रुंदी, आणि आजी नेमक्या तेथेंच होत्या.

मग वडिलांची आठवण झाली. माझ्या लहानपणीं सायकलला दिवा नसला कीं पोलीस चाकांतली हवा सोडीत. एकदां वाटेंत दिवा विझला, तेव्हां वडील खालीं उतरले आणि सायकल हातीं धरून घरापर्यंत चालत आले. पोलीस कोठेंच नव्हता. मीं कारण विचारलें, तर म्हणाले, "अरे, दिवा कांहीं आपल्यालाच दिसावें म्हणून नसतो; आपण लोकांना दिसावें म्हणूनहि असतो."

दुसऱ्या दिवशीं मीं गाडी पूर्ववत् करून घेतली. पुतण्या सायकलवर शाळेंत जातो. माझ्याशीं आठवडाभर बोलला नाहीं. गाडी आतां मीच चालवतों, हेल्मेट घालून, पंचविसाच्या आंत. गल्लीच्या वळणावर, गोंगाटाचा मी जन्माचा वैरी, न चुकतां भोंगा वाजवतों. आजी हात गळ्यांत बांधून ओट्यावर बसलेल्या असतात. भोंगा ऐकतांच त्या पाय आंत घेतात आणि मला वाट देतात.