छाट

निपाणी, रविवार

चि. आक्का हीस आण्णांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे बोललीस ते आज्जीने हसण्यावारी नेलं. मला मात्र रात्री झोप लागली नाही. 'आण्णा, तुम्ही आम्हाला निबंध शिकवलाच नाही, भाषण शिकवलं.' बत्तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहिलेल्या माणसाला त्याच्याच नातीने असं म्हणावं? रागाने मी दोन दिवस तुझ्याशी अबोला धरला. तुझ्या ते लक्षातही आलं नसेल म्हणा, आठवड्यातून एकदाच तर फोन करतेस.

तिसऱ्या दिवशी माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. तीत माझ्या वर्गांतल्या चार-दोन वह्या अजून आहेत. तुझी सातवीतलीही निघाली. 'मी निपाणीचा तंबाखू बोलतोय.' दहापैकी साडेआठ. समासात माझ्याच अक्षरातला शेरा : 'सुरुवात आकर्षक. म्हणी आणखी हव्या होत्या.'

म्हणी आणखी हव्या होत्या! खरं सांगतो, वाचून लाज वाटली.

तेव्हा तुझं म्हणणं बरोबर आहे, हे आधी कबूल करून टाकतो. पण त्यातलं सगळं पाप माझ्या एकट्याच्या माथी मारू नकोस. इथल्या पोरांची वाणी कशी घडते ते तू जाणतेस. १७ जानेवारी आला की सीमालढ्यातल्या हुतात्म्यांवर भाषण, १ नोव्हेंबर आला की काळ्या दिनाचं निवेदन. दोन्हीकडे समोर बसलेला प्रत्येक जण आधीपासूनच आपल्या बाजूचा. त्याला पटवायचं काहीच नसतं, त्याचं रक्त तेवढं तापवायचं असतं. आणि आमच्या मराठीच्या मास्तरांचं दैवत कोण, तर विष्णुशास्त्री चिपळूणकर. १८७४ साली त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि एकट्याच्या लेखणीवर ८४ अंक काढले. काय ती भाषा! मी अजूनही मोठ्याने वाचतो. पण शास्त्रीबुवांचा निबंध हा वकिलाचा निबंध. प्रतिपक्षाला चीत केल्यावर टाळी कुठे पडणार हे त्यांना ठाऊक असायचं. त्यांचा डौल आम्ही घेतला, त्यांची विद्वत्ता कुणाच्या हाती लागली नाही.

आता तुझ्या निबंधाकडे येतो. एम.ए.चा पहिलाच निबंध, विषय १९८१ चं तंबाखू आंदोलन, अकरा पानं, आणि शेवटी मॅडमचा एका ओळीचा शेरा : 'तुमचं म्हणणं काय?' त्यावर तू रडलीस म्हणे. रडण्यासारखं त्यात काय आहे? मला तर त्या बाई आवडल्या. अकरा पानं मी दोनदा वाचली आणि मलाही तोच प्रश्न पडला.

'शेतकऱ्यांवर घोर अन्याय झाला' हे म्हणणं होत नाही गं. त्याला नाही कोण म्हणणार? ज्याला शहाणासुरता माणूससुद्धा 'छे, मला नाही पटत' असं म्हणू शकतो, ते म्हणणं. तुमच्याकडे त्याला थिसिस स्टेटमेंट म्हणत असतील, आपण विधान म्हणू. आता हे बघ. 'निपाणीच्या आंदोलनाने तंबाखूच्या भावाचा प्रश्न हमरस्त्यावर आणला, पण त्याच तंबाखूची धूळ वखारीत छातीत घेणाऱ्या बायकांच्या मजुरीचा प्रश्न त्या रस्त्यावर आला नाही.' हे चूक असेलही. चूक ठरू शकतं म्हणूनच ते विधान आहे. ते पहिल्या पानावर लिहिलंस की उरलेल्या दहा पानांना काम मिळतं. आज ती पानं बाजारच्या दिवशी चुलत्याबरोबर गावात आलेल्या पोरासारखी इकडेतिकडे बघत हिंडताहेत.

वखारीतल्या बायका तुझ्या निबंधात एकदाही येत नाहीत, याचं मला वाईट वाटलं. तुझी पणजी वखारीत चाळणीवर होती. तिचा खोकला ऐकत मी शिकलो. या बायकांनी आपली संघटना बांधली, त्यावर छाया दातारांचं अख्खं पुस्तक आहे, १९८९ चं. दीपा धनराज आणि त्यांच्या 'युगांतर' गटाने १९८२ साली निपाणीत येऊन वखारीतल्या बायकांवर माहितीपट केला. तुझ्या संदर्भसूचीत यातलं काहीच नाही. आहे काय, तर तीन वर्तमानपत्रांची कात्रणं आणि 'प्रत्यक्षदर्शींच्या मते'.

हा प्रत्यक्षदर्शी कोण ते मी ओळखलं. मीच तो. आणि इथेच मला मान खाली घालावी लागतेय. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आले, पुणे-बंगळूर रस्त्यावर शेतकरी तळ ठोकून बसले, ते मी पाहिलं, दोनदा जाऊन त्यांच्यात बसलोही. पण ६ एप्रिलला गोळीबार झाला तेव्हा मी तिथे नव्हतो. मी घरी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होतो. तुला लहानपणी गोष्ट सांगताना तो धूर, ती पळापळ मी थोडी पदरची घातली. ऐकणारी नात डोळे मोठे करून बसली की आजोबा वाहवतो. तू ते जसंच्या तसं एम.ए.च्या निबंधात घालशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. तेवढा परिच्छेद काढ. आणि गोळीबारातल्या मृतांचा आकडा दिला आहेस, तो कुणाच्या हवाल्याने? सरकारच्या, संघटनेच्या, की आण्णांच्या? मेलेल्या माणसांचा आकडा लिहिताना तळटीप नसणं शोभत नाही असं मला वाटतं. मोजण्याच्या बाबतीत तरी त्यांच्याशी नीट वागावं.

तुला नमुना हवा होता ना? मी सांगतो. बाबासाहेब १९२५ साली आपल्या निपाणीत परिषदेला आले होते, हे तू दर १४ एप्रिलला ऐकलं आहेस. त्याआधीची गोष्ट कुणी सांगत नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी एक निबंध वाचला, 'कास्ट्स इन इंडिया'. वय पंचवीस. तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठे. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला.

तो निबंध कसा बांधलाय ते बघ. आधी जातीच्या चार व्याख्या समोर ठेवल्या : सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर, पुढे ज्ञानकोश केला तेच. एकेकाला काय दिसलं आणि काय निसटलं ते शांतपणे सांगितलं. केतकरांना मान जास्त दिला, आणि मग म्हटलं की यांनी जातीची जी दोन लक्षणं सांगितली, जन्माने सदस्यत्व आणि बाहेर लग्नाला बंदी, ती दोन नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. या सगळ्यानंतर आपलं विधान : जातीचं मर्म म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. आणि आता गंमत बघ. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या तीन वेगवेगळ्या वाटणाऱ्या रूढी त्यांनी या एका विधानात ओवल्या. गट बंद ठेवायचा तर बायका आणि पुरुषांची संख्या जुळती हवी. नवरा मेला की बाई 'जास्तीची' होते, बायको मेली की पुरुष. त्या जास्तीच्या माणसांचं करायचं काय, या एका प्रश्नातून तीन रूढी निघतात. शेवटी काय म्हटलं? माझी मांडणी टिकत नाही असं दाखवलंत, तर ती सोडून द्यायला मी तयार आहे.

ज्याने जातीचे चटके स्वतः सोसले, त्याने त्या निबंधात आपली कहाणी मध्ये आणली नाही. माझे मास्तर असते तर म्हणाले असते, सुरुवात आकर्षक नाही.

हा निबंध पुन्हा वाचायला म्हणून मी परवा देवचंद कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो होतो. रिक्षावाला म्हणाला, 'आजोबा, महाराष्ट्रात जायचं म्हणजे जास्त पडतील.' अर्जुननगर, दोन पावलांवर! आपली सीमा रिक्षाच्या भाड्यात बरोबर कळते.

सीमेचं निघालं म्हणून सांगतो. तू म्हणशील आण्णांची गाडी आली रुळावर. महाजन आयोग १९६६ ला नेमला, पुढच्या वर्षी अहवाल आला. बेळगाव कर्नाटकातच ठेवलं म्हणून आपण तो फेटाळला, अजून फेटाळतो. पण निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं त्याच अहवालात म्हटलं आहे, हे आपल्या गल्लीत किती जणांना माहीत आहे? मी तो अहवाल अख्खा वाचला तो निवृत्त झाल्यावर. तोवर त्याच्या निषेधाची किमान वीस भाषणं पोरांना लिहून दिली होती! त्यातली चार बक्षिसं घेऊन आली. ज्याला खोडायचं त्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडता आलं पाहिजे. आपले जुने शास्त्री याला पूर्वपक्ष म्हणायचे आणि त्यात कसूर केली तर सभेत हसं व्हायचं. बेळगाव का नाही, याची महाजनांनी दिलेली कारणं एकेक घेऊन आपल्यातल्या किती जणांनी खोडली असतील? सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून दावा आहे, तिथे घोषणा चालत नाहीत. मला भीती वाटते ती हीच, की साठ-सत्तर वर्षं ओरडून आपला घसा इतका बसलाय की सांगायची वेळ आली तर आवाज फुटायचा नाही. असो. तुझा निबंध सीमेवर नाही.

चौथ्या परिच्छेदाबद्दल मात्र बोलावंच लागेल. 'बहुआयामी परिप्रेक्ष्यातून' हे शब्द आपल्या घरात आजवर कुणी उच्चारलेले नाहीत. कुठून उचललेस, की मोबाइलमधल्या त्या यंत्राने लिहून दिले, ते मी विचारत नाही. नाही, विचारतोच. दुसऱ्याचं वाक्य घेतलंस तर त्याचं नाव घाल, त्यात कमीपणा नाही, बाबासाहेबांनी घातलं. पण जे वाक्य मला फोनवर समजावून सांगता येत नाही ते लिहू नकोस. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून हे असलं लिहायचं असेल तर त्यापेक्षा झोपलेलं बरं. मेसचं जेवण अजून पचत नाही म्हणतेस, ते या जागरणाने. आज्जीला हे सांगितलेलं नाही.

मागच्या घरातली मावशी विड्या वळायची, आठवतं? रात्री पानं भिजत घालायची, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची, संध्याकाळी हजार विड्या सुपात. मग कारखान्यात त्यातल्या सैल, आखूड, फुटक्या विड्या बाजूला काढायचे. ती छाट. तिचे पैसे नाहीत. मावशी शेवटी शेवटी स्वतःच घरी छाट काढून मग जायची, दुसऱ्याने काढलेली तिला सोसायची नाही. तुझ्या अकरा पानांची छाट मी काढली आहे, वही टपालाने येते आहे. चार पानं उरली. ती मात्र चांगली आहेत, विशेषतः व्यापारी भाव कसा पाडायचे ते सांगितलंस ते. तिथे एकही म्हण नाही आणि एकही उद्गारचिन्ह नाही, मी मोजलं.

आज्जीने वहीबरोबर मेतकूट घातलंय, पाकीट फुटलं तर पानं झटकून घे. दुसरा मसुदा मॅडमना द्यायच्या आधी मला पाठव. आणि त्या आकड्याचा आधार सापडला की पत्रानेच कळव, फोनवर आकडे मला हल्ली नीट ऐकू येत नाहीत.

तुझे
आण्णा