तळघरातला मंगळवार

2010 सालच्या हिवाळ्यात मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डी मॉइनला एका विमा कंपनीत नोकरी करत होतो. तुरुंगातून सुटलेल्यांना पहाटे कामावर सोडायला गाड्या कमी पडतात, येशील का, असं एका सहकाऱ्याने विचारलं. काम त्याच्या चर्चचं होतं. मी हिंदू आहे, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "गाडी चालवतोस ना?"

माझ्याकडे आलेला माणूस पन्नाशी ओलांडलेला. अकरा वर्षांनी बाहेर पडला होता. फोटोच्या ओळखपत्रासाठी जन्मदाखला हवा, आणि जन्मदाखल्यासाठी ओळखपत्र. यातच त्याचे पहिले पाच आठवडे गेले. मग पेरी गावच्या डुकराच्या मांसाच्या कारखान्यात काम मिळालं. अंतर साठेक किलोमीटर, त्या वेळेला बस नाही. आठवड्यातले तीन दिवस मी चार वाजता उठायचो, उरलेले दिवस एक म्हातारे शेतकरी. ते किल्ली फिरवण्याआधी मिनिटभर डोळे मिटून प्रार्थना करत. त्या थंडीत पहाटे दार उघडणारं दुसरं कुणी मला तरी त्या शहरात दिसलं नाही.

पेट्रोलचे आणि अर्धवेळ समन्वयक बाईंच्या पगाराचे पैसे सरकारचे होते. सुटलेल्या कैद्यांच्या पुनर्वसनासाठी 'सेकंड चान्स ॲक्ट' 2008 च्या एप्रिलमध्ये झाला, आणि त्यातून धार्मिक संस्थांनाही अनुदान मिळू लागलं. अट एवढीच, की या पैशातून प्रार्थना किंवा बायबलचे वर्ग चालवायचे नाहीत. ते वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या जागी, आणि ज्याला हवं त्याच्यासाठीच. म्हणून मंगळवारी चर्चच्या तळघरात सगळ्यांचं जेवण व्हायचं, ताटं उचलली जायची, आणि मग ज्यांना जायचं ते जिना चढून प्रार्थनेला जायचे.

या अटीबद्दल आयोवात लोक जास्तच जागरूक होते. पन्नासेक किलोमीटरवरच्या न्यूटनच्या तुरुंगात 1999 पासून एका ख्रिस्ती संस्थेचा कार्यक्रम राज्याच्या पैशाची मदत घेऊन चालत होता. 2006 च्या जूनमध्ये न्यायाधीश रॉबर्ट प्रॅट यांनी तो घटनाबाह्य ठरवला, आणि 2007 च्या डिसेंबरमध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय कायम केला. माझा माणूस तेव्हा त्याच तुरुंगात होता.

"त्या कार्यक्रमाच्या बराकीला लाकडी दारं होती," एकदा गाडीत तो म्हणाला. "किल्ली आपल्या हातात. घरच्यांना निवांत भेटता यायचं." मग गेला का नाहीस? त्याची आई कॅथलिक. त्या वर्गांत आपल्या आईची श्रद्धा खोटी ठरेल असं त्याला वाटलं. आणखी एक गोष्ट त्याला नंतर कळली. सुरुवातीच्या वर्षांत त्या कार्यक्रमाला राज्याचा पैसा जायचा तो कैद्यांच्या फोनकॉलवर जमणाऱ्या निधीतून. "म्हणजे माझ्या आईचेही गेले," तो म्हणाला. पेरी येईपर्यंत मग तो काही बोलला नाही.

आमच्या तळघरात कुणी कुणाला वर चल म्हणत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तरी दुसऱ्याच मंगळवारी भांडी पुसता पुसता त्याने मला हळूच विचारलं, "मी वर गेलो नाही, तर उद्याची गाडी येईल ना?"

मी म्हटलं, "येईल. मीच आणतो." पण त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्याची नोकरी, पॅरोल, डोक्यावरचं छप्पर एका गाडीवर टांगलेलं आहे, त्याच्यासाठी 'स्वेच्छेने' या शब्दाला किती अर्थ उरतो? चर्चला मिळणारा सरकारी पैसा बंद करावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या जागी सरकार कुणाला आणणार होतं? पण जो जिना चढणार नाही त्याला शहरात दुसरं एक दार हवं होतं, प्रार्थनेशी काही संबंध नसलेलं, आणि तेही सरकारनेच उघडायला हवं होतं. तसं दार तिथे नव्हतं.

मी समन्वयक बाईंना सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. पुढच्या मंगळवारी फ्रिजवर मोठ्या अक्षरांत कागद लागला: जेवण, बूट, गाडी सगळ्यांसाठी, वर येणं न येणं ज्याची त्याची मर्जी.

त्याने तो कागद वाचला. त्यानंतरही त्याने मला दोनदा तेच विचारलं.