छोट्या लाइनीच्या मुलखातून

बालाघाट,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गोंदियाहून निघालेली गाडी बाघ नदीची हद्द मागे टाकून परप्रांतात शिरली, तरी परमुलखात आल्याचा भाव मनात उमटला नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला हा प्रदेश. पुढे इंग्रजी अमलात भंडारा, सिवनी आणि मंडला यांचे मुलूख तोडून त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि तो नागपूर विभागातच राहिला. १९५६ साली राज्यपुनर्रचनेने विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. दप्तरे वेगळी झाली, पण सोयरिकी, बाजार आणि औषधपाणी यांसाठी इथला माणूस आजही गोंदियाची, नागपूरची वाट धरतो. बाजारात कानी पडणारी पोवारी बोली ऐकली, की आपण भंडाऱ्याकडेच आहोत असे वाटते. वैनगंगाही सिवनीकडून येऊन या गावाजवळून वाहत पुढे आपल्याकडेच येते.

बंगाल-नागपूर रेल्वेने १९०३ ते १९०५ या अवधीत गोंदियापासून नैनपूरवरून जबलपूरपर्यंत सातपुड्यातून जो लोहमार्ग नेला, त्याच्या दोन रुळांत केवळ अडीच फुटांचे अंतर होते. डोंगराळ मुलखात रुंद मार्गासाठी खोदाई, भराव आणि पूल यांचा जो प्रचंड खर्च येतो, तो टाळण्यासाठी निवडलेले हे माप. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की टेकडी फोडण्याऐवजी तिच्या कुशीने वळसा घेणे या गाडीला साधले. लोक तिला छोटी लाइन म्हणत. तिने लाकूड, बांबू, धान्य आणि मँगनीज यांची ने-आण केली. गावालगतच्या भरवेलीची खाण अजूनही चालू आहे.

येथील चिन्नोर तांदळाचा भात काल जेवणात होता. त्याचा सुवास पान मांडण्यापूर्वीच ओसरीवर आला होता. आईला अवश्य सांगावे. थोडा बरोबर आणीन.

आपला आज्ञाधारक


लामता,
मार्गशीर्ष वद्य सप्तमी

तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार.

समनापूर, चरेगाव मागे पडले आणि अरण्य दोन्ही अंगांनी जवळ आले. साग, बांबू, मोह आणि तेंदू यांच्या दाटीत मध्येच कापणी होऊन मोकळी पडलेली धानाची बांधी. आणि जिथे वस्ती नाही, तिथे दुपारच्या प्रहरीही पानगळीखेरीज आवाज नाही. कान्हा आणि पेंच या दोन अरण्यांमधील वन्य पशूंच्या संचाराचा पट्टा याच भागातून जातो, हे ठाऊक असल्याने त्या शांततेकडे मी आदराने पाहत होतो.

बालाघाट ते नैनपूर ही छोटी लाइन २०१५ च्या शरदानंतर थांबली. २०२१ मध्ये जबलपूरपर्यंत रुंद मार्ग अखंड झाला आणि दूर पल्ल्याच्या गाड्या या रानातून धावू लागल्या. हे योग्यच झाले, असे मी निःशंकपणे म्हणतो. कारण अडलेल्या बाळंतिणीला किंवा तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन गोंदियाकडे निघालेल्या माणसाला वळणांचे सौंदर्य काय कामाचे? रुळांची निगा राखण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा एका वृद्ध गृहस्थांची भेट झाली. छोटी लाइन गेल्याचे दुःख आहे का, असे विचारता ते म्हणाले, की नातू आता जबलपुरास शिकतो आणि सणाला घरी येऊ शकतो, हे सुख मोठे. पण त्याच बोलण्यात, कोणत्या वळणावर पावसाळ्यात माती खचे, कोणत्या मोरीचा दगड कधी बदलला, हे त्यांनी इतक्या तपशिलाने सांगितले, की इतकी बारकाईची नोंद कोणत्या कचेरीतल्या कागदात असेल, असे मला वाटत नाही.

ठिकठिकाणी जुना भराव नव्या मार्गाला सोडून झाडीत शिरतो. त्यावर रानगवत माजले आहे, लहान मोऱ्या अजून शाबूत आहेत. नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून छोट्या लाइनीचे संग्रहालय आहे, आणि तिथली इंजिने मी पुष्कळदा पाहिली आहेत. परंतु ती इंजिने ज्या चढणीवर धापा टाकीत चढत, ती चढण पाहिल्यावाचून त्यांचा अर्थ पुरता कळत नाही. म्हणून माझे आग्रहाचे मत असे, की या भरावांचा, मोऱ्यांचा आणि जिथे उरल्या असतील तिथल्या जुन्या स्टेशन-इमारतींचा एक तरी सलग टप्पा जागच्या जागी राखावा, त्याची मोजणी करून नकाशा करावा, आणि त्या वृद्ध गृहस्थांसारख्यांच्या जबान्या ते हयात असतानाच लिहून घ्याव्यात. मी रेल्वेच्या अधिकाऱ्यांना याविषयी अर्ज लिहिणार आहे. मसुदा पुढच्या टपालाने पाठवीन. आपण तरुणपणी गोंदिया ते नैनपूर केलेल्या प्रवासाविषयी जे जे आठवेल, ते तोपर्यंत कागदावर उतरवून ठेवावे, म्हणजे ते अर्जासोबत जोडता येईल.

आपला आज्ञाधारक